बिजल्या विचार करून सांगेल

जळगावात मे महिन्यात कुणाची घरात किती पत आहे, हे कूलरसमोरच्या जागेवरून कळतं. आधी घरातलं वडीलधारं माणूस. जावई आलेला असेल तर मग जावई. मग पोरं, मग मिळवती माणसं, आणि दिवसभर कूलरच्या टाकीत बादल्या ओतणाऱ्या आम्ही बायका भिंतीवर आपटून जो वारा परत येईल त्यात. आमचे सासरे आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे त्यांच्या आरामखुर्चीची जागा वादातीत होती. त्या जागेवर हल्ली एक सायबेरियन हस्की पाय ताणून झोपतो आणि आप्पा आमच्यात बसतात.

त्याला उठवून पाहिलं नाही, असं नाही. पण हस्कीला उठायचं नसलं की तो भांडत नाही, गुरगुरत नाही. अंग सोडून देतो. पंचवीस किलोंचं ते जनावर पुढून उचललं की मागून फरशीवर सांडतं, मागून उचललं की पुढून सांडतं. एवढी झटापट झाल्यावर तो एक डोळा उघडतो, सगळ्या घराला ऐकू जाईल असा सुस्कारा सोडतो आणि आप्पांच्याच पायावर मान टाकून पुन्हा झोपतो. त्यामुळे आप्पांना तिथून हलताही येत नाही.

हा आमच्याकडे आला पुण्याहून. धाकट्या दिरांचा मुलगा तिथे नोकरीला. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधले लांडगे पाहून जगभर ज्यांनी ज्यांनी हस्की घेतले, त्यांतला हा एक. त्या मालिकेच्या नादाने हस्की घेणारे आणि झेपेना म्हणून सोडून देणारे इतके वाढले की 2017 साली मालिकेतल्याच पीटर डिंक्लेज या नटाला ‘बाबांनो, नका घेऊ’ असं जाहीर सांगावं लागलं. आमच्या पुतण्याने मालिका पाहिली, निवेदन वाचलं नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये कुत्र्याने आधी सोफा खाल्ला, मग सोफ्यामागची भिंत उकरली, मग सोसायटीची सभा भरली. तेवढ्यात पुतण्याला कंपनीने परदेशी धाडलं. मार्गशीर्षातल्या एका पहाटे त्याने आमच्या अंगणात कुत्रा, पट्टा, ब्रश आणि इंग्रजी आज्ञांचा एक कागद उतरवला आणि म्हणाला, “काकू, थोडेच दिवस.” कागदावर नाव होतं ब्लिझर्ड. जिजींनी, म्हणजे सासूबाईंनी, दिवस मावळायच्या आत त्याचा बिजल्या केला.

गल्ली जमली. जिजींचं माहेर अमळनेरकडचं, त्यामुळे त्यांच्या मैत्रिणी आल्या की अंगणात अहिराणी सुरू होते. “हाऊ लांडगा शे का कुत्रा?” हा पहिला प्रश्न. दुसरा, “कितलाले लिन्हा?” सोन्याच्या बाजारपेठेचं गाव आमचं, भाव कळल्याशिवाय इथे वस्तू नीट दिसतच नाही. आप्पांनी “भेट आलाय” म्हणून वेळ मारून नेली. तिसरा विषय डोळ्यांचा. बिजल्याचा एक डोळा तपकिरी आणि दुसरा निळाशार. समोरच्या काकांनी मोतीबिंदूचं निदान करून मोफत शिबिराची तारीखही सांगून टाकली. आप्पांनी रात्री मोबाइलवर शोधून काढलं की सहा हजारांहून जास्त कुत्र्यांची जनुकं तपासून 2018 साली एक संशोधन प्रसिद्ध झालंय. हस्कीच्या निळ्या डोळ्याचा संबंध कुत्र्याच्या 18व्या गुणसूत्रावरचा एक तुकडा दुबार छापला जाण्याशी आहे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तरी एकदा दाखवून घ्या.”

आता आज्ञांचा कागद. सिट, स्टे, कम, लीव्ह इट. आप्पा नुसते खाकरले तरी चौथीचा वर्ग खाली बसायचा, अशी त्यांची ख्याती. ते अंगणात उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “सिट.” बिजल्याने आप्पांकडे पाहिलं. फाटकाकडे पाहिलं. लिंबाच्या झाडावरच्या साळुंकीकडे बराच वेळ पाहिलं. पुन्हा आप्पांकडे पाहिलं. तो नकार नव्हता. अर्ज दाखल करून घेतला आहे, निर्णय यथावकाश कळवण्यात येईल, असं ते पाहणं होतं. ज्या खात्यात आप्पांची हयात गेली त्या खात्याची ही रीत त्यांनी चटकन ओळखली, आणि म्हणूनच त्यांना तो अपमान जास्त लागला.

तेवढ्यात जिजी कळण्याच्या भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आल्या. “बठ रे भाऊ.” बिजल्या बसला. “ले, खाई ले.” खाल्लं. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच हवं, हे आप्पांचं जुनं मत, पण सायबेरियातून आलेल्या प्राण्याची मातृभाषा अहिराणी निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी एकांतात, इकडेतिकडे बघून, त्याला “बठ” म्हणून पाहिलं. बिजल्याने त्यांच्या दोन्ही हातांची तपासणी केली. हात रिकामे होते. तो साळुंकीकडे वळला.

पण आप्पा हाडाचे मास्तर. विद्यार्थ्याला ढ म्हणण्याआधी त्याच्या घरची परिस्थिती बघायची, हा त्यांचा नेम. त्यांनी वाचायला घेतलं आणि रोज जेवताना आम्हाला एकेक पाठ मिळू लागला. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची नावाचे लोक राहतात. त्यांनी हे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या वाढवले ते घसरगाड्या ओढायला. हलकं ओझं, लांबचा पल्ला, थोडक्यात भागणारं पोट. गाडीला जुंपलेल्या कुत्र्यांत सगळ्यात पुढे जो असतो त्याचं मोठेपण पळण्यात नाही. पुढचा बर्फ पातळ वाटला, तर मागून मालक कितीही ओरडत असला तरी त्याने थांबायचं किंवा वळायचं. जो ऐकायचा तो मालकासकट पाण्यात जायचा, आणि त्याची पिल्लं व्हायची राहून जायची. आज्ञाधारकपणा असा पिढी दर पिढी बर्फाखाली गेला. वर उरले ते आमच्या बिजल्याचे पूर्वज.

हे कळल्यापासून आप्पांची भाषा बदलली. “ऐकत नाही” असं ते आता म्हणत नाहीत. “त्याला पटलेलं नाही,” म्हणतात.

नोमची गोष्टही त्यांनी अशी सांगितली की जिजी हातातलं लाटणं विसरल्या. 1925 चा जानेवारी. अलास्कातल्या नोम गावात पोरांना घटसर्पाने गाठलेलं, औषधाची मुदत संपलेली, समुद्र गोठलेला, विमान उडेना. नेनाना या रेल्वेच्या गावाहून जवळजवळ 1085 किलोमीटर कुत्र्यांच्या गाड्यांनी औषध न्यायचं ठरलं. वीस गाडीवान, दीडशेच्या आसपास कुत्री, साडेपाच दिवस. सगळ्यात लांबचा आणि वाईट टप्पा काढला लिओनार्ड सेपला या गाडीवानाने आणि टोगो या त्याच्या कुत्र्याने, गोठलेल्या खाडीवरून. शेवटचा टप्पा होता बाल्टोचा. औषध घेऊन गावात शिरला बाल्टो, म्हणून त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पुतळा उभा राहिला तोही बाल्टोचा. “म्हणजे वर्षभर शिकवलं एकाने,” आप्पा वरण ओरपत म्हणाले, “आणि तपासणीच्या दिवशी शाळेत हजर होता तो आदर्श शिक्षक.” हा विषय मग फारच लांबला. त्यातला कुत्र्यांचा भाग इथे संपतो.

एवढा मोठा कुत्रा म्हटल्यावर राखण करेल, अशी आमची भाबडी समजूत होती. बिजल्या कुणावरच भुंकत नाही. दूधवाला, सिलिंडरवाला, वर्गणीवाले, पत्ता चुकून आलेला माणूस, सगळ्यांना तो दारातून आत आणून सोडतो. चोर आलाच तर कपाट कुठे आहे तेवढं दाखवायचं बाकी ठेवेल. त्याचा आवाज निघतो तो फक्त गाण्याला. रोज सकाळी महापालिकेची घंटागाडी स्वच्छतेचं गाणं लावून वळणावर आली की बिजल्या अंगणाच्या मधोमध बसतो, मान आभाळाकडे करतो आणि लांडग्यांच्या पट्टीत साथ धरतो. आधी गल्ली घाबरली. मग लक्षात आलं की त्याला गाडी दोन गल्ल्या पलीकडूनच ऐकू येते. आता बायका बिजल्याच्या आलापावर ओला-सुका कचरा वेगळा करायला घेतात. गाडी येईपर्यंत सगळे डबे घेऊन तयार. एकदा गाडी बंद पडली आणि आली नाही, त्या दिवशी एक शेजारीण त्याच्यावर चिडली.

जानेवारीत भाच्याचं लग्न धुळ्याला, माझ्या माहेरी. कुत्रा ठेवणार कुणाकडे? शेजारपाजारच्या सगळ्यांना नेमकी त्याच दिवशी गावाला जायची कामं निघाली. एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर तो खिडकीबाहेर तोंड काढून आला. पारोळ्याला चहाला थांबलो तर तिथेही पहिला प्रश्न भावाचाच.

धुळ्याच्या थंडीचं सांगायचं तर तो आकडा तिथल्या कृषी महाविद्यालयाच्या हवामान केंद्रावरून येतो आणि पारा पाच-सहा अंशांवर उतरला की धुळेकरांची छाती फुगते. “आमचं सहा. तुमचं जळगावचं?” लग्नघरी सगळे कानटोप्या घालून शेकोटीभोवती, आणि बिजल्या ओसरीच्या उघड्या फरशीवर, शेपूट नाकावर ओढून, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा सुखाने झोपलेला. माझ्या आईला ते बघवेना. तिने त्याच्यावर गोधडी घातली. त्याने काढली. तिने पुन्हा घातली. त्याने ती दाताने ओढत नेऊन शेकोटीजवळ पेंगणाऱ्या माझ्या काकांजवळ टाकली आणि जागेवर जाऊन झोपला. आईने यातून एवढाच अर्थ काढला की जावयाच्या घरचा कुत्रासुद्धा मानी आहे.

हळदीच्या दिवशी मांडवाची कनात वर झाली आणि हा सटकला. हस्की सुटला की परत येत नाही, हे पुतण्याच्या कागदावर तांबड्या शाईने लिहिलेलं होतं. हाक मारली तर तो थांबतो, आपण पोचेपर्यंत थांबतो, आणि चार हातांवर आलो की पळतो. पाठलाग हा त्याच्या लेखी खेळ आहे, आणि आपल्याला तो आवडतो असा त्याचा समज आहे. धुळ्याच्या जुन्या गावात गल्ल्यांना नंबर आहेत, त्याचा फायदा एवढाच झाला की बातम्या अचूक येत राहिल्या. “चौथीत दिसला.” “आता पाचवीत.” “पुन्हा चौथीत, पण उलटा.” हळद लागलेला नवरदेवही पिवळ्या तोंडाने मोटारसायकलवर निघाला होता, त्याला बायकांनी ओढून आत नेलं.

बिजल्या सापडला पांझरेच्या बाजूला, गावाबाहेरच्या एका शेतात. तिथे भरताची पार्टी चालली होती. हिवाळ्यात खानदेशात माणसं शेतावर जमतात, कापसाच्या काड्यांचा जाळ करून हिरवी, कमी बियांची वांगी भाजतात, बडगीत ठेचतात, कांद्याची पात आणि मिरचीची फोडणी देतात. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ती वांगी धुळ्यात आणून भाजण्यात धुळेकरांना काही कमीपणा वाटत नाही. त्या पंगतीत, पत्रावळीसमोर, बिजल्या नीट मांडी मोडून बसला होता. कुणीतरी त्याला “बठ” म्हटलं असणार. भरीत त्याला दिलं नव्हतं. कांदा कुत्र्याला विष, हे आप्पांनी सांगायच्या आधीच तिथल्या एका शेतकऱ्याला माहीत होतं. कोरड्या भाकरीवर त्याची सोय लावली होती. शेजारी एक जण मेलेला गावरान कोंबडा घेऊन हिशेबासाठी थांबला होता. कोंबड्याचा भाव त्याने लढाऊ जातीचा सांगितला. आप्पांनी, एवढा लढाऊ होता तर मेला कसा, असं विचारून तो निम्म्यावर आणला.

परतताना धुळ्याच्या तुरुंगावरून गाडी गेली तेव्हा आप्पांनी मागे वळून बिजल्याला सुनावलं. “1932 साली विनोबांनी इथे दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली. साने गुरुजी लिहून घ्यायचे. समोर सगळे कैदी, पण एक जण उठून गेला नाही. शीक काहीतरी.”

जिजी पुढच्या सीटवरून म्हणाल्या, “उठीसन कथा जातीन? कुलूप व्हतं ना!”

होळी झाली आणि बिजल्या झडायला लागला. हस्कीच्या अंगावर दुहेरी केस असतात, वर राठ आणि खाली लोकरीसारखे दाट. वर्षातून साधारण दोनदा ती खालची लोकर पुंजक्या-पुंजक्यांनी गळते. ते दिवस आमच्याकडे बिबड्यांचे. गच्चीवर ज्वारीचे बिबडे थापलेले, बाजूला कुरडया, वर पांढरं स्वच्छ ऊन, आणि सगळ्यावर तरंगत येणारी सायबेरियाची लोकर. जिजींनी तीस वर्षांच्या मैत्रिणींना बिबडे वाटताना यंदा पहिल्यांदाच “नीट बघून तळा” असं सांगितलं. शेवभाजीत केस, कपाळाच्या कुंकवात केस, आप्पांच्या पेन्शनच्या पासबुकात केस. गल्लीचा एकमुखी सल्ला होता की याची हजामत करून टाका, उन्हाळा सोपा जाईल. न्हावी वस्तरा घेऊन तयारही झाला. पशुवैद्यांनी मात्र हात जोडले. तेच केस अंगाला उन्हापासूनही राखतात. भादरलं तर कातडी भाजते, आणि केस पुन्हा धड येतीलच याची खात्री नाही. विंचरा, एवढंच ते म्हणाले. मग रोज संध्याकाळी आप्पा ब्रश घेऊन बसू लागले. निघालेली लोकर चिमण्यांनी घरट्यांना नेली. आमच्या लिंबावरच्या पिल्लांना मे महिन्यात लोकरीची गादी मिळाली, त्यांचं काय झालं असेल कोण जाणे.

पुढे पारा पंचेचाळीसला भिडला आणि विनोद थोडा बाजूला राहिला. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम तळपायांना; बाकी सगळी उष्णता जिभेवाटे, धापा टाकत बाहेर काढायची. आमच्याकडे माणसं दुपारी बाहेर पडत नाहीत, रात्री दहालाही डांबर गरम असतं. त्यामुळे त्याचं फिरणं पहाटे उजाडायच्या आत, मेहरूण तलावाच्या बाजूला, आणि दिवसा तो ओल्या गोणपाटावर, मोरीत किंवा कूलरसमोर. लाइट गेली की आधी त्याच्याकडे इन्व्हर्टरचा पंखा. अंगणात त्याने लिंबाखाली स्वतःपुरता एक खड्डा खणला, थंड मातीपर्यंत. रावेरला माझ्या नणंदेच्या केळीच्या बागेत नेलं, तिथे सावली होती, ओल होती, तो हरखला, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्याने ठिबकच्या नळ्या चावून एका ओळीचं पाटपाणी करून टाकलं. ठिबक सिंचनाच्या जिल्ह्यात हा गुन्हा साधा नाही. नणंदेने अजून पुढचं आमंत्रण दिलेलं नाही.

माझं मत विचाराल तर खानदेशात हस्की विकणाऱ्याला मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर लोकरीचा कोट घालून उभा करावा. कुत्रा इथे टिकतो, पण तो टिकतो घरातल्या माणसांच्या पहाटेच्या झोपेवर, पाण्यावर आणि विजेच्या बिलावर. ते बिल पुतण्याला पाठवलं तर त्याने डोळ्यांत बदाम असलेला चेहरा पाठवला.

एवढं होऊन बिजल्याची ख्याती झालीच. आणि ख्याती झाली की स्थळं येतात. परवा धुळ्याहून, माझ्या भावाच्या ओळखीतून, एका गृहस्थांचा फोन आला. मुलगी हस्की, दोन वर्षांची, दोन्ही डोळे निळे, कागदपत्रं व्यवस्थित. फोटोही पाठवला, साडीच्या पार्श्वभूमीवर बसवून काढलेला. आप्पांनी तो दोनदा मोठा करून पाहिला. मग घसा साफ करून, शाळेत वार्षिक अहवाल वाचायचे त्या सुरात त्यांनी पशुवैद्यांकडे झालेल्या छोट्या शस्त्रक्रियेची माहिती दिली आणि म्हणाले, “त्यामुळे आमचा मुलगा आता संन्यस्त आहे. बाल्टोचंही तसंच होतं.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते गृहस्थ आवाज खाली आणून म्हणाले, “सर, लग्नाचं राहू द्या हो. नुसती ठेवून घ्याल का? थोडेच दिवस. कुण्णाचं म्हणून ऐकत नाही.”

आप्पांनी फोनवर हात ठेवून आमच्याकडे पाहिलं. जिजींनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते इतक्या वर्षांत आप्पांनाही कळलेलं नाही. त्यांनी हात काढला आणि विचारलं, “तिला अहिराणी येते का?”